सात सह्या

वरच्या कवळीचा डावा सुळा मेणात बसवण्याच्या ऐन क्षणी ऑफिसातल्या बाई आल्या, मेणाच्या ताटलीशेजारी एक चिठ्ठी ठेवली आणि निघूनही गेल्या. मास्तरांचे दोन्ही हात गुंतलेले होते, एकात तापवलेली सुरी आणि दुसऱ्यात चिमटा. त्यांनी मान वाकडी करून चिठ्ठी वाचली. ‘आपल्या खाती शिल्लक रजा चार दिवस. सबब अठरा दिवसांचा अर्ज मंजूर करता येत नाही.’ त्यांनी ती पुन्हा वाचली. तेवढ्यात मेण थिजलं आणि सुळा तिरका बसला. एकतीस वर्षं ह्या बाकावर बसून लोकांच्या कवळ्या बनवल्या, पण मेण असं हातातल्या हातात थिजू दिल्याचं त्यांना आठवेना. तो तिरका सुळा त्यांच्याकडे बघत राहिला आणि ते त्याच्याकडे. चार म्हणजे चारच. आक्काला काय सांगायचं, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता आणि तो काही केल्या पुढे सरकत नव्हता.

थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, दोन्ही डोळे करायचे होते, मोतीबिंदूचे. आधी एक, मग आठ दिवसांनी दुसरा. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही, शेगडीसमोर जायचं नाही. मुलगा समुद्रापलीकडे, तो म्हणाला, एखादी बाई ठेवून देतो. आक्का म्हणाली, परकीचा हात डोळ्याला लावून घ्यायची नाही मी. मग फोन मास्तरांना. ‘अठरा दिवस लागतील म्हणतात डॉक्टर. ह्या वेळी तरी ये.’ ‘तरी’ म्हणताना ती जरासुद्धा अडखळली नव्हती, कांदा चिरता चिरता बोलावं तसं बोलली होती. पण मास्तरांना तो शब्द लागला, आणि तिथल्या तिथे त्यांनी तोंड भरून शब्द दिला होता. रजा काय, ढीग पडलीय माझी. घेतो कधी मी?

आणि खरंच घेतो कधी, हा त्यांचा कायमचा अभिमान होता. लग्न राहून गेलेलं. घर म्हणजे दोन खोल्या, एक खुर्ची आणि दोघांना पुरेल एवढी भांडी. रजा घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे त्यांना कळत नसे. शिवाय कारखान्यात थोरल्या साहेबांनी घालून दिलेला नियम होता. एका तोंडाचं काम सुरू केलं ज्यानं, त्यानंच पुरं करायचं. मधे हात बदलायचा नाही. म्हणून प्रत्येक जण आपापल्या प्लास्टरच्या साच्याच्या बुडाला सुरीनं खूण कोरून ठेवी. मास्तरांची खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्यावर टिंब. रजेवर गेलं की ती रेघ-टिंबवाली अर्धी कामं डोळ्यांसमोर यायची. कुणी म्हातारी पेजेवर दिवस काढतेय, कुणाच्या घरी लग्न आहे आणि नवऱ्या मुलीच्या बापाला हसता येत नाहीये. मग हे तिसऱ्या दिवशी कामावर हजर. दाराशी टेबलावर मस्टर उघडं पडलेलं असायचं, दोऱ्यानं बांधलेलं पेन असायचं, आणि घरात शिरताना पाय जशी चप्पल काढतात तशी हातानं सही होऊन जायची. थोरले साहेब बघायचे आणि म्हणायचे, ‘आलास ना? मग ती रजा कसली? कापायची नाही हो ह्याची.’ जुने कारकून मान डोलावून चहा पीत राहायचे. एवढी वर्षं मान डोलावून एक दिवस ते निवृत्त झाले, हारतुरे घेतले, आणि रजेच्या रजिस्टरात एकाही दिवसाची दुरुस्ती त्यांनी केलेली नव्हती, हे आज कळत होतं.

मास्तर उठले. हातावरची प्लास्टरची भुकटी झटकली, ती पँटवर बसली. शेजारच्या बाकावरच्या पोरीनं पॉलिशचं चाक थांबवलं. पोरगी म्हणजे चाळिशीची बाई, पण हाताखाली शिकायला आली तेव्हा विशीची होती, म्हणून मास्तरांच्या लेखी पोरगीच.

‘काय झालं, मास्तर? चेहरा असा का?’

‘काही नाही. अठरा मागितले, चार दिले,’ असं काहीतरी म्हणून ते ऑफिसकडे चालू लागले.

ऑफिस म्हणजे पूर्वीची प्लास्टरची कोठी. रंग दिला, कपाट आणलं, तरी कोपऱ्यांतून पांढरी धूळ येतच असे आणि बाई ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हापासून त्यांनी ऑफिस शिस्तीत आणलं होतं आणि त्यापायी सगळ्यांची बोलणी खाल्ली होती. 

‘हे चार कुठून आले, बाई?’

‘रजिस्टरमधून.’ त्यांनी रजिस्टर वळवून त्यांच्यापुढे धरलं. ‘अर्ज तुमचे, मंजुरी साहेबांची. बघा ना.’

‘निम्म्या रजांना मी इथंच होतो.’

‘रजिस्टरमध्ये रजा आहे म्हणजे रजा आहे, मास्तर. मी तुमच्या शब्दावर नाही खोडू शकत.’

‘शब्दावर कशाला? मस्टर काढा. सह्या असतील माझ्या.’

बाईंनी चष्मा वर सरकवला. ‘रजेवर असताना मस्टरवर सही? कुणी करतं का असं?’

‘मी करतो,’ मास्तर म्हणाले, आणि आपण किती खुळचट दिसत असू ते त्यांना जाणवलं.

बाईंनी रजिस्टर बाजूला ठेवलं. मग पदर खोचून स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरची मस्टरं एकेक करून खाली देऊ लागल्या. मास्तर ती झेलत होते. जुन्या पुठ्ठ्यांचा, उंदरांच्या औषधाचा वास आला. पाचवं की सहावं मस्टर हातात आलं, त्याच्यावरचं वर्ष त्यांनी वाचलं. पुरावा मागताना हे कसं सुचलं नाही? ते मस्टर त्यांनी ढिगाच्या तळाशी सरकवलं. बाईंचं लक्ष नव्हतं.

मग दोघं बसले. बाई रजिस्टरातली तारीख वाचत, मास्तर मस्टरचं पान शोधत, आणि बोट ठेवत. एकदा दोन दिवस, त्याच वर्षी आणखी एक. पुढच्या वर्षी तीन दिवस, आणि त्याच आठवड्यात थोरल्या साहेबांच्या अक्षरात समासात लिहिलेलं, ‘रजेवर असून आला. वेडा आहे.’ बाई हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मास्तरांना दोन वर्षांत पहिल्यांदाच दिसलं, कारण दोन वर्षांत त्या हसल्याच नव्हत्या. मग आणखी दोन दिवस. आठ झाले. चार आणि आठ बारा. 

‘बारा पुरतील,’ मास्तर म्हणाले. ‘ते खालचं राहू द्या.’

‘अर्ज अठराचा आहे ना?’

‘भागवीन मी. बारा खूप झाले.’

‘अहो, इथे मोठी रजा दिसतेय.’ बाईंचं बोट रजिस्टरावर होतं. ‘दहा दिवस. ह्यातही आला असाल तुम्ही, तुमचं काय सांगावं.’

‘राहू द्या म्हटलं ना.’

आवाज चढला होता. बाईंनी वर पाहिलं. ‘मास्तर, सकाळी तुमच्याकडे पुरावा नव्हता तेव्हा मी एक दिवस दिला नाही. आता पुरावा आहे, तर मी एक दिवस ठेवून घेणार नाही. हक्काचं आहे ते. काढा ते मस्टर.’

मास्तर म्हणाले, पाणी पिऊन येतो. माठापर्यंत गेले, पेला भरला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. सहा दिवसांचा तर प्रश्न होता. शेजारणीला सांगता आलं असतं, आक्काच्या पाया पडता आलं असतं. भाऊंच्या, म्हणजे वडिलांच्या, उशाशी असाच पेला होता, काचेचा, आणि त्यात वडिलांची कवळी. ती मास्तरांनीच बनवलेली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, थोरल्या साहेबांनी सामान फुकट दिलं होतं म्हणून. वडील तिला ‘माझ्या मुलाचे दात’ म्हणायचे आणि येईल त्याला काढून दाखवायचे, आक्काला ओशाळं होई. बारा वर्षांपूर्वी आक्काचा निरोप आला की आता काही खरं नाही, तेव्हा दहा दिवसांची रजा टाकून मास्तर गेले. चेहरा इतका आटला होता की कवळी आत खडखडायची. वडिलांनी हातानं खूण केली, ढिली झालीय, बघ जरा. मास्तरांनी बोटं तोंडात घातली आणि हिरड्यांवरून फिरवली, जशी हजार वेळा साच्यांवरून फिरवली होती. पण मास्तरांच्या बाकावर येणारी तोंडं सगळी प्लास्टरची. ती गार असतात, उघडी ठेवली तशी राहतात. हे तोंड गरम होतं, त्याला वास होता, त्यातून वारा येत-जात होता आणि मधेच यायचा थांबत होता. वडिलांनी त्यांच्या बोटांवर तोंड मिटलं. लहान मूल मिटतं तसं, नुसतं धरून ठेवायला. आणि मास्तरांना इतकी भीती वाटली की त्यांनी हात ओढून घेतला.

दोन रात्री कशाबशा काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का मागच्या बाजूला चादरी पिळत होती. मास्तर पिशवी घेऊनच तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, ‘फोन आला होता कारखान्यातून. माझी रजा रद्द झाली.’ कुणाचा फोन आला नव्हता. आक्कानं चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दोघांनी मिळून पिळली, मग ती म्हणाली, ‘मग जा.’ जाताना त्यांनी कवळी रुमालात गुंडाळून घेतली. घट्ट करून आणतो म्हणाले. ते काम एका दिवसाचं, पहिल्याच दिवशी झालंही. उरलेले सहा दिवस ते इतरांची तोंडं बसवत राहिले आणि रोज संध्याकाळी उद्या जाऊ म्हणत राहिले. दहा दिवस संपले, वर दोन गेले, आणि मग निरोप आला. कवळी अजून त्यांच्या बाकाच्या खालच्या खणात झाकणाच्या बरणीत होती. कवळी कोरडी पडली की वाकते. म्हणून दर शनिवारी ते बरणीतलं पाणी बदलत. बारा वर्षं बदलत होते. काय आहे ते, असं पोरीनं एकदा विचारलं, तेव्हा नमुना आहे म्हणून सांगितलं होतं.

पाणी न पिता ते परत आले. बाईंनी मस्टर काढून पान उघडून ठेवलं होतं. सात सह्या, एकाखाली एक. मास्तरांची सही म्हणजे एरवी सुतळीचा गुंता, पण ह्या सात सह्या शाळेतल्या पोरानं काढाव्यात तशा अक्षर अन् अक्षर काढलेल्या होत्या. वेळेच्या रकान्यात सातही दिवस सात चाळीस. काम साडेआठला सुरू होतं. बाईंनी त्यांच्यासमोर तो जुना अर्जही ठेवला, पिवळा पडलेला, त्यावर कारण लिहिलेलं: वडील अत्यवस्थ.

‘बरे झाले होते का वडील?’ बाईंनी विचारलं.

‘नाही.’

‘मग परत का आलात?’

मास्तरांना हो-नाही काहीतरी सांगता आलं असतं. काम होतं, साहेबांनी बोलावलं, तोंडावर तयार असलेलं सांगता आलं असतं. बारा वर्षं तेच सांगत आले होते, बहुतेक वेळा स्वतःलाच. पण दातखीळ बसावी तसं झालं, आणि सुटली तेव्हा दुसरंच बाहेर आलं.

‘भीती वाटली,’ ते म्हणाले. ‘पळून आलो मी.’

बाईंनी खणातून लाल शाईचं पेन काढलं, रजिस्टरातल्या त्या दहा दिवसांपैकी सातांवर रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘सात दिवस रजा रद्द. हजर.’ खाली सही केली, शिक्का मारला, वर फुंकर घातली. मास्तर वाचत राहिले. रजा रद्द. हेच शब्द त्यांनी आक्काला सांगितले होते, पिळलेल्या चादरीचं टोक हातात धरून, आणि आता ते लाल शाईत शिक्क्यानिशी खरे झाले होते. उद्या कुणी विचारलंच तर रजिस्टर दाखवता येईल. त्यांना हसू येईलसं वाटलं, आणि त्याच वेळी आपल्याला कुणीतरी फुकटात सोडून दिलंय असंही वाटलं. ते काही बरं वाटलं नाही.

‘एकोणीस झाले,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्हाला एक दिवस जास्तच आहे. चला साहेबांकडे.’

धाकट्या साहेबांना रजिस्टरं वाचायचा कंटाळा. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली, त्यांनी सही ठोकली. ‘मास्तर, अठरा दिवस? तुम्ही?’ एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर बाईंनी मंजुरीची प्रत हातात ठेवली आणि बजावलं, ‘सोमवारपासून. आणि ह्या वेळी मस्टरला हात लावलात तर मी पान फाडीन.’ मास्तरांचा जीव भांड्यात पडला होता. जिन्याच्या कठड्याला धरून ते मागच्या अंगणात उतरले. तिथे मोडक्या साच्यांचा ढीग असतो. शेकडो तोंडं, वरची खालची, ऊन खात पडलेली. त्यांतल्या एका साच्यावर कावळा बसला होता. मास्तर पायरीवर बसले आणि फोन लावला.

‘आक्का, मिळाली रजा. अठरा दिवस.’

‘मिळाली? बरं झालं बाई.’ तिनं मोठा श्वास सोडला, तो फोनमधून नीट ऐकू आला. ‘मी मनाशी तयारी केली होती, नाहीच येणार हा म्हणून.’

इथेच थांबता आलं असतं. ऊन पाठीवर चांगलं लागत होतं.

‘आक्का, तेव्हाही मिळाली होती. भाऊंच्या वेळी. रद्द-बिद्द काही झाली नव्हती. मी खोटं बोललो.’

कावळा उडून गेला.

‘माहीत आहे,’ आक्का म्हणाली.

‘कसं?’

‘तुझी रजा खरंच रद्द केली असती कुणी, तर तू तासभर त्या साहेबाच्या नावानं शंख केला असतास. चार पैशांचं नुकसान झालं तरी दात-ओठ खाणारा माणूस तू. तेव्हा काही न बोलता चादर पिळत बसलास माझ्याबरोबर. मला काय कळायचं राहिलं?’

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलायचं? मलाही पळावंसं वाटत होतं रे. रोज वाटायचं. मला कारखाना नव्हता, एवढंच.’

मास्तरांनी फोन कानावरून काढला आणि बाहीनं डोळे पुसले. पुन्हा लावला तेव्हा आक्का बोलतच होती, औषधाच्या बाटल्या, गादी कुठे टाकायची, दूधवाल्याची वेळ. मग एकदम म्हणाली, ‘ती कवळी आहे का रे तुझ्याकडे? का टाकलीस?’

‘आहे. पाण्यात ठेवलीय.’

‘घेऊन ये. डोळे झाले की मला बघायचीय.’

‘एक दिवस उरतोय माझ्याकडे, आक्का. एकोणिसावा. काय करू त्याचं?’

‘काही करू नकोस. नुसता बस माझ्याजवळ,’ ती म्हणाली, आणि फोनचे पैसे वाढतात म्हणून ठेवूनही दिला. फोनचे पैसे आता वाढत नाहीत हे तिला कितीदा सांगून झालं होतं.

मास्तर बाकावर परत आले. तिरका सुळा तसाच होता. सुरी दिव्यावर धरली, मेण मऊ केलं, दात सरळ करायला गेले आणि थांबले. आठ दात लावायचे बाकी होते, मग भट्टी, मग घासणं. म्हणजे सोमवारी कामावर येणं काही टळत नव्हतं, आणि मंगळवारीही. हात सवयीनं हिशेब करत होता. त्यांनी हात आवरला. साचा उचलला, उलटा केला आणि सुरीच्या टोकानं बुडाची आडवी रेघ आणि टिंब खरवडून काढलं. भुकटी गुडघ्यावर पडली.

‘हे घे,’ ते पोरीला म्हणाले. ‘सुळा तिरका आहे, आधी तो बघ.’

पोरगी साच्याकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ‘तुमचं काम मी कसं घेऊ, मास्तर? साहेबांचा नियम होता ना. तुम्ही या की बुधवारी, दोन तासांपुरतं.’

‘मी नसणार बुधवारी.’ त्यांनी सुरी मुठीकडून तिच्यापुढे धरली. ‘कोर तुझी खूण.’

तिनं सुरी घेतली. ती कोरू लागली तसे मास्तर खाली वाकले, खालचा खण ओढला आणि बरणी बाहेर काढली. शनिवार नव्हता, तरी त्यांनी पाणी बदललं.